आमचं मुरुड ते नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत दापोलीजवळच्या राहण्याच्या दहा ठिकाणांवर लेख होता. मी दापोली तालुक्यातल्या मुरुडात राहते, तेव्हा आवडीने वाचला. मला चौकशीची खोड आहे. दुपारी पाहुण्यांची जेवणं आटोपली, ओट्यावर बसले आणि लेखाखाली दिलेल्या दहाही नंबरांना फोन लावले. त्यातले चार फोन एकाच माणसाने उचलले. तो पुण्यात बसलेला. तिसऱ्या फोनला त्याने माझा आवाज ओळखला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला नक्की कोणती व्हिला हवी आहे?" दोन नंबर लागले नाहीत. एका ठिकाणी कोणी ताई बोलल्या, त्या मात्र खरोखर आमच्या शेजारच्या कर्दे गावातच होत्या. मागे कोंबडा आरवत होता.

मग मोबाइलवर 'दापोली होमस्टे' असं टाकून बघितलं. पहिल्या पानावर जवळजवळ तीच दहा नावं, क्रमही थोडाफार तोच. लेख लिहिणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. आज पाहुण्याला दिसतं ते पहिलं पान, पत्रकाराला दिसतं तेही पहिलं पान, आणि पत्रकाराने लिहिलं की तीच नावं आणखी वर चढतात. आम्ही या चक्रात कुठेच नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण मधलं मुरुडचं प्रकरण तेवढं ठेवा.

आमचं घर कौलारू, मागे नारळ-पोफळींचं आगर, आगरात विहीर, आणि आगर संपलं की सुरूची झाडं आणि समुद्र. २००३ साली पडवीच्या बाजूला दोन खोल्या काढल्या, पुढे आणखी दोन. पहिले पाहुणे डोंबिवलीचे, बँकेतली तीन कुटुंबं. ती कोणाकडून तरी ऐकून आली होती. जाताना त्यांनी वहीत पत्ते लिहिले, मग त्यांच्या बहिणी आल्या, व्याही आले, ऑफिसातले लोक आले. त्या वहीच्या आता सात वह्या झाल्यात. दहा-बारा वर्षं आमचा धंदा या वह्यांवर आणि दापोलीच्या एसटी स्टँडाबाहेर लावलेल्या एका पाटीवर चालला. पाटीवर पेंटरने लिहिलं होतं, 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय'. कोकणात अशा शेकडो पाट्या आहेत आणि सगळ्यांवर हेच वाक्य आहे. पण ही सोय शोधणारा माणूस मोबाइलवर हे वाक्य कधीच टाइप करत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तो इंग्रजीत 'होमस्टे' टाकतो, 'बीच व्हिला' टाकतो, 'पूल' टाकतो. आमच्या पाटीवरची भाषा आणि त्याच्या बोटातली भाषा यांची गाठच पडत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. आमच्या आगरातल्या निम्म्याहून जास्त पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. केळशी, आंजर्ल्यापासून इकडे सगळीकडे तीच गत. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षं जातात, माड तर त्याहून सावकाश. तोवर सुपारीचं उत्पन्न नाही म्हटलं तरी चालेल. आधी खोल्या हा जोडधंदा होता, त्या वर्षापासून तोच पोटाचा धंदा झाला. वर कोविड. वहीतली माणसंही वयाने वाढली होती. ज्यांनी पत्ते लिहिले त्यांना आता गुडघे साथ देत नाहीत आणि त्यांची मुलं फोनवर शोधतात. तेव्हा पुण्याला असलेल्या मुलाने आणि माझ्या भाच्याने मिळून घर नेटवर चढवलं.

मिळून म्हणजे दोघांनी वेगवेगळं. मुलाने घराच्या नावाने चढवलं, भाच्याने त्याच नावापुढे 'बीच होमस्टे' जोडून. दोघांना एकमेकांचं ठाऊक नाही. वर्षभर आमचं एकच घर नकाशावर दोन ठिकाणी होतं, एक आमच्या आगरात आणि एक सरळ समुद्रात. चांगलं लिहिणाऱ्या पाहुण्यांपैकी निम्मे समुद्रातल्या घरावर लिहून गेले. दोन्ही नोंदी एक करायला पाच महिने लागले. ही चूक आमचीच, हे कबूल करते. (घराचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर म्हणाल हे पत्र नव्हे, जाहिरात आहे.)

आता मुरुड. महाराष्ट्रात मुरुड नावाची निदान तीन प्रसिद्ध गावं आहेत. एक लातूरकडचं. दुसरं रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याचं. तिसरं आमचं, दापोली तालुक्यातलं, जिथे महर्षी कर्व्यांचं बालपण गेलं, दुर्गादेवीचं देऊळ आहे आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीने आगरं आहेत. शिवाय कर्नाटकातलं मुरुडेश्वर आहे, ते टाइप करता करता मध्येच डोकावतं. फोनवर नुसतं मुरुड टाकलं की जंजिऱ्याचं मुरुड येतं. ते मोठं आहे, तालुक्याचं गाव आहे, मुंबईला जवळ आहे, त्याच्या नावावर जंजिरा आहे. येऊ दे, त्याबद्दल तक्रार नाही. 'रु' ऱ्हस्व लिहिला तर एक यादी येते आणि दीर्घ लिहिला तर वेगळी. इंग्रजीत लिहिलं तर तिसरी.

गंमत पाहुण्यांची होते. एका दिवाळीत ठाण्याहून एक कुटुंब आलं, बरोबर ऐंशीच्या आजी. त्यांनी बुकिंग आमचं केलं आणि गाडीच्या नकाशात टाकलं नुसतं 'मुरुड'. संध्याकाळी साडेपाचला फोन, "काकू, आम्ही पोचलो, दुर्गादेवीचं देऊळ कुणाला माहीत नाही इथे." मी विचारलं, समोर काय दिसतंय? म्हणाले, समुद्रात किल्ला. माझ्या पोटात गोळाच आला. आमच्याकडचा किल्ला सुवर्णदुर्ग, तोही आमच्या किनाऱ्यासमोर नाही, हर्णैसमोर. मग त्यांना माणगाव, मंडणगड करत रात्री साडेदहाला आणलं. आजींना गाडीतून उतरवून आधी गरम पाण्याने पाय धुवायला दिले, मग कुळथाचं पिठलं-भात. त्या कुटुंबाने पुढे आमच्याबद्दल फार चांगलं लिहिलं. सगळ्यांच्या नशिबी तसं नसतं.

कारण त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या नावावर एक तारा पडला. लिहिणारा आमच्याकडे कधी आलेलाच नव्हता. त्याचा मजकूर असा: "जंजिरा दिसत नाही. शुद्ध फसवणूक." बस, एवढंच. आम्ही जंजिरा दाखवतो असं कुठेही म्हटलेलं नाही. जंजिरा आणि आमच्यात दोन मोठ्या खाड्या आहेत. मुलाने तक्रार केली, आमच्या वहीत त्या तारखेला कोण होतं त्याचा फोटो पाठवला, नकाशा पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं की सदर अभिप्रायात धोरणाचा भंग आढळला नाही. उत्तराखाली माणसाचं नाव नाही, फोन नंबर नाही. पुन्हा तक्रार, पुन्हा तेच वाक्य. मोठ्या हॉटेलाला हजार अभिप्राय असतात, त्यात एक तारा विरघळून जातो. आम्हाला तेव्हा अकरा होते. दहा जणांनी पाच-पाच तारे दिलेले, आणि या एका ताऱ्याने सरासरी पाचावरून ४.६ वर आली. लोक 'साडेचारच्या वर' अशी चाळणी लावून शोधतात असं मुलगा सांगतो. असाच आणखी एक चुकलेला पाहुणा रागावला की आम्ही त्या चाळणीतून खाली.

चाळणी हा शब्द मी वापरते, फोनवर त्याला फिल्टर म्हणतात. त्यात चौकोन असतात, त्यात टिचकी मारायची. आमचं घर चढवताना ते चौकोन भरायला मी मुलाजवळ बसले होते. स्विमिंग पूल? नाही. समुद्र आगराच्या टोकाला आहे, पण त्याला चौकोन नाही. लिफ्ट? घर बसकं आहे. जिम? आगरात माडाच्या झावळ्या ओढायला या म्हणावं. रूम सर्व्हिस? हाक मारली की येते. पाळीव प्राणी चालतात का? यावर बराच वेळ बसलो, कारण मांजर पाहुण्यांच्या आधीपासून इथे आहे. विहिरीला चौकोन नाही, उकडीच्या मोदकांना नाही, सोललेल्या सुपारीच्या वासाला तर नाहीच. शेवटी 'पार्किंग' आणि 'वाय-फाय' या दोनच ठिकाणी खूण झाली. आणि वाय-फायचं म्हणाल तर वीज गेली की तेही जातं. फोटोंवरही शेरा आला की खोल्या अंधाऱ्या दिसतात. कौलारू घरात वैशाखात थंडावा का असतो हे त्या यंत्राला कसं कळावं!

ज्यांच्या ॲपवर आम्ही आहोत, त्यांच्याकडून मधूनमधून फोन येतो. बोलणारा मुलगा गोड असतो, दर वेळी निराळा. गेल्या हिवाळ्यात तो म्हणाला, "काकू, तुमची प्रॉपर्टी खाली का दिसते माहितेय? तुम्ही ऑफर लावत नाही, मेसेजला उत्तर उशिरा देता आणि पावसाळ्यात कॅलेंडर बंद ठेवता." आता बघा. मेसेज दुपारी येतो, तेव्हा मी चुलीपाशी असते. हात धुऊन फोन घेते तोवर टॉवर गेलेला असतो. पावसाळ्यात घर बंद ठेवतो कारण कौलं चाळायची असतात, आगराची कामं असतात, आणि खवळलेल्या समुद्रात उतरू नका म्हणून पाहुण्यांच्या मागे धावायला माझ्यात जोर नाही. आमच्यासाठी हे वर्षाचं चक्र आहे. त्या यंत्राच्या लेखी चार महिने दुकान बंद म्हणजे दुकानदार आळशी.

मग त्याने उपाय सांगितला. दहा टक्के ऑफर लावा आणि कमिशन पाच टक्के जास्त द्या, तुम्हाला वर आणतो. मी बिलाच्या मागे हिशेब मांडला, तो तुम्हालाही सांगते. आमची खोली दोन हजारांची, सकाळचा नाश्ता धरून. दहा टक्के ऑफर लावली की १,८००. त्यावर आमचं ठरलेलं कमिशन १८ टक्के, म्हणजे ३२४. कमिशनवर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८. हातात १,४१८. आता 'वर दिसण्याचे' पाच टक्के धरले तर कमिशन ४१४, त्यावरचा कर ७४ रुपये आणि काही पैसे. हातात राहिले १,३११. त्यातून दोघांचे घावणे, चटणी, चहा दोन वेळा, चादरी धुणाऱ्या बाईंची मजुरी, एसीचं बिल. दोन हजारांची खोली विकताना पावणेसातशेहून अधिक फक्त 'दिसण्यासाठी' गेले. शिवाय पाहुण्याला ॲपवर कर लागतो तो वेगळाच. आमच्यासारख्या जीएसटीची नोंदणी लागत नसलेल्या छोट्या घरी तो थेट आला तर लागत नाही. त्याला महाग पडतं आणि आमच्या हातात कमी येतं, असा हा मधला रस्ता.

मी त्याला विचारलं, शेजारच्यानेही पाच टक्के दिले तर वर कोण? तो हसला. म्हणाला, "मग सात द्या."

हे होण्याआधी आमच्या हातून आणखी एक शहाणपणा झाला होता. 'पहिल्या पानावर आणून देतो' असं सांगणाऱ्या एकाला आम्ही बारा हजार दिले. त्याने आमच्यासाठी एक संकेतस्थळ केलं. त्यावर नारळाच्या झाडाखाली झुल्यात झोपलेली एक गोरी बाई होती. ती आमच्याकडे कधी आली नव्हती आणि झुलाही आमचा नव्हता. मजकुरात 'मुरुड' हा शब्द चाळीस वेळा. तीन महिन्यांनी त्याचा फोन बंद. संकेतस्थळ वर्षभराने आपोआप गेलं. झुला मात्र नंतर आम्ही आणला, मुलं खूश असतात.

मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. एकदा डोंबिवलीच्या त्या पहिल्या पाहुण्यांच्या सूनबाईंनी फोन केला, "काकू, तुमचे दर केवढे वाढले?" मी म्हटलं, नाही वाढले. त्यांनी फोनवर आमच्या घराचं नाव, पूर्ण नाव टाकून शोधलं होतं. सगळ्यात वर जी ओळ आली ती आमची नव्हतीच. ती एका बुकिंग कंपनीची होती, कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रायोजित'. तिच्यावर टिचकी मारली की आमचं घर एका कोपऱ्यात, आणि आजूबाजूला 'यापेक्षा चांगले पर्याय' म्हणून सहा व्हिला. वर लाल अक्षरांत 'आता एकच खोली शिल्लक'. त्या दिवशी आमच्या चारही खोल्या रिकाम्या होत्या. म्हणजे जो माणूस आमचं नाव घेऊन आमच्याकडे यायला निघाला होता, त्याला दारातच कोणी तरी हात धरून दुसरीकडे नेतो. पूर्वी दापोली स्टँडवर रिक्षावाले असं करायचे, "ते घर बंद झालं, चला माझ्या ओळखीच्याकडे." पण तो रिक्षावाला निदान ओळखीचा होता. त्याला गाठून चार शब्द सुनावता यायचे आणि तो पुढच्या खेपेला ओशाळून आपल्याकडे पाहुणा आणायचा.

नेटचे उपकार मी नाकारत नाही. वादळानंतरच्या दोन वर्षांत जे पाहुणे आले त्यांतले बरेच फोनवरूनच आले. बेळगावचे आले, हैदराबादचं एक मराठी जोडपं आलं, नागपूरचे निवृत्त शिक्षक आले ते आठ दिवस राहिले. वहीने मला नागपूर कधी दिलं नसतं. मी एवढंच विचारते की वर-खाली कसं ठरतं ते आम्हाला सांगा.

मुलगा कायद्याचं वाचत असतो. त्याच्याकडून मला कळलं की हे विचारणं फार मोठं मागणं नाही, सरकारने आधीच मान्य केलेलं आहे. केंद्र सरकारचे ई-कॉमर्ससाठीचे ग्राहक संरक्षण नियम जुलै २०२० मध्ये आले. त्यात असं आहे की अशा बाजारपेठा चालवणाऱ्या कंपनीने वस्तू किंवा विक्रेते यांचा क्रम कोणत्या मुख्य गोष्टींवर ठरतो आणि त्यांना किती वजन आहे, हे सोप्या भाषेत सर्वांना दिसेल असं लिहून ठेवायचं. युरोपातही त्याच महिन्यापासून तसा नियम लागू आहे, आणि तिथे पैसे देऊन क्रम बदलता येत असेल तर तेही सांगावं लागतं. नुसत्या बुकिंगवाल्यांनाच नव्हे, शोधयंत्रांनाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी काढून त्यांना मनाई केली. तिच्यात खोटी घाई लावणं आहे आणि जाहिरात असून जाहिरात नसल्यासारखं दाखवणं हेही आहे. आमच्या रिकाम्या घरावरची ती लाल ओळ मला या यादीत बसते असं वाटतं. वकील काय म्हणतील ते म्हणोत.

आणि हे भांडण फक्त आमच्यासारख्या चार खोल्यांचं आहे असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबीबोला २२३ कोटींहून अधिक आणि ओयोला १६८ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. त्या प्रकरणात एक मुद्दा हाच होता की दुसऱ्या हॉटेल-साखळ्यांना यादीतून काढून टाकलं गेलं. माझा या कंपन्यांशी कधी संबंध आलेला नाही, बातमी वाचली म्हणून सांगते. यादीतून निघालेल्या त्या साखळ्यांकडे निदान वकील लावायला पैसे होते. आम्ही यादीतून निघालो तर आम्हालाच कळत नाही, फक्त मे महिन्यात फोन वाजायचा थांबतो.

मी काही प्रतिस्पर्ध्याचा मत्सर करणारी बाई नाही, हे गाव सांगेल. आमच्या आळीतल्या आणि शेजारच्या चौदा घरांचा आम्ही व्हॉट्सॲपवर गट केला आहे. एकाकडे जागा नसली की पाहुणा दुसऱ्याकडे. त्यात कमिशन नाही. फार तर नारळ पोचतात. मे महिन्यात हा गट इतका वाजतो की कोणतंही ॲप लाजेल. वेळासचं उदाहरण आमच्यासमोर आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तिथे समुद्री कासवांची अंडी राखण्याचं काम उभं केलं, त्यातून कासव महोत्सव सुरू झाला आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला येणारी माणसं गावातल्याच घरांमध्ये राहू लागली. तिथे लोक कासवांसाठी आले, सर्चमध्ये कोण वर आहे ते बघून नव्हे. पण प्रत्येक गावाच्या किनाऱ्यावर महोत्सव होत नाही. बाकीच्यांना तो फोनच आहे.

सरकारकडे नोंदणी केलेली घरं जिल्ह्यात पुष्कळ आहेत. आमचंही निवास-न्याहारीचं प्रमाणपत्र आहे, चौकटीत घालून ओटीवर लावलंय. ते ओटीवर आलेल्याला दिसतं, न आलेल्याला नाही. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी राज्य सरकारचं 'आई' धोरण २०२३ मध्ये आलं, त्यात कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे. आमच्या शेजारणीच्या मनात आहे त्यातून दोन खोल्या काढायचं. मी तिला म्हटलं, काढ, पण त्या कुणाला दिसणार कशा ते आधी ठरव. नोंदणी झालेल्या घरांची यादी गावाच्या आणि तालुक्याच्या पूर्ण नावासकट, फोन नंबरासकट, मराठीत नि इंग्रजीत सगळ्यांना वापरता येईल अशी खुली मिळाली तर बराच प्रश्न सुटेल. नकाशावाल्यांनी ती उचलावी, आपल्यासारख्या वृत्तपत्रांनीही उचलावी. 'मुरुड (दापोली)' एवढं कंसात लिहिलं तरी ऐंशीच्या आजींचे पाच तास वाचतात.

आणि आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी पुरवणीसाठी दहा ठिकाणं निवडाल तेव्हा निदान तीन ठिकाणी माणूस पाठवा. येणाऱ्याने खेड स्टेशनला उतरावं, एसटीने दापोली आणि तिथून आसूदवरून खाली मुरुडला. आमच्याकडेच या असं नाही. दुर्गादेवीच्या देवळापासून कुठल्याही बाजूला चालायला लागा, दर दोन-तीन घरांमागे पाटी आहे, तीच ती, 'उत्तम सोय'वाली. एकाही पाटीवर तारे नाहीत. महर्षी कर्वे इथून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले होते आणि सतरा वर्षांचे दिसत नाही म्हणून त्यांना तिथून परत पाठवलं, अशी हकिकत आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असते. 'दिसत नाही' म्हणून परत पाठवणं या गावाला नवीन नाही.

कळावे.

आपली,
चार खोल्यांची एक मालकीण
मुरुड, ता. दापोली, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे. कृपया छापू नये.)

ता. क. पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात फोन वाजला. आज येणारे पाहुणे. "काकू, मुरुडला पोचलो. समोर किल्ला मस्त दिसतोय, तुमचं घर कोणत्या बाजूला?" त्यांना आगरदांड्याची जेट्टी सांगितली, गाडीसकट दिघीला उतरा, दिवेआगर, श्रीवर्धन, मग बागमांडल्याहून दुसरी जेट्टी वेश्वीला. दिवेआगरला जेवून घ्या म्हटलं, कारण इथे पोचेपर्यंत रात्र होईल. पिठल्यासाठी कुळथाचं पीठ काढून ठेवलं आहे.